जुनी गाडी घेतली आणि 19व्या दिवशी इंजिन गरम. डीलर म्हणतो "आहे तशी घेतलीत". काय करता येईल?

सुकाणू | सोमवार, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. चार दिवस झोप नीट नाही, म्हणून शेवटी इथे लिहितेय.

आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यासाठी एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून 2017ची पेट्रोल गाडी घेतली. मीटरवर 58,000 किमी. किंमत 4,85,000 रुपये. पन्नास हजार इसार यूपीआयने दिला आणि बाकीचे बँकेतून डीलरच्या फर्मच्या खात्यात भरले. घेण्याआधी व्हॉट्सॲपवर मी स्पष्ट विचारलं होतं, "इंजिनाचं काही काम निघेल का?" त्यांचं उत्तर माझ्याकडे आहे: "इंजिन एकदम ओके, नॉन-ॲक्सिडेंटल, एक रुपया खर्च नाही."

19व्या दिवशी चढावर गाडीचा लाल दिवा लागला. बाजूला थांबवली तर बॉनेटमधून वाफ. टो करून जवळच्या गॅरेजला नेली. तिथले मेकॅनिक म्हणाले, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) संपलंय, बाहेर गळती कुठेच दिसत नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय आहे, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलेलं असणार. हेड खोलावं लागेल, 45 ते 60 हजार धरा.

डीलरला फोन केला तर म्हणाले, "ताई, जुनी गाडी आहे, काहीतरी निघणारच. ताबा पावती वाचा." पावतीवर खाली बारीक छापलंय: "गाडी जशी आहे तशी पाहून व तपासून घेतली. इंजिन व गिअरबॉक्सची कोणतीही जबाबदारी राहणार नाही." माझी सही आहे. आरसी अजून माझ्या नावावर झालेली नाही, गाडी नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सह्या करून त्यांच्या एजंटकडे आहेत.

गॅरेजवाले उद्या सकाळी हेड खोलायचं म्हणताहेत. खोलू देऊ का? आणि त्या सहीमुळे माझे सगळे मार्ग बंद झाले का?

पायवाट | रात्री 11:10

वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगू का, सही केलीत ना, मग फारसं काही होत नाही. माझ्या मेहुण्यांचंही असंच झालं होतं. त्यांनी मुकाट्याने खर्च केला. कोर्टकचेरीत त्याहून जास्त पैसे आणि मनस्ताप जातो.

इंजिनघर | रात्री 11:24

सुकाणू ताई, उद्या सकाळी सगळ्यात आधी गॅरेजला फोन करा आणि सांगा, पानाही लावू नका. कायद्याचं मला कळत नाही, पण 22 वर्षं इंजिनं खोलतोय आणि अशी भांडणं खूप पाहिलीत. गाडी एकदा खोलली की समोरचा म्हणतो, "आम्ही दिली तेव्हा चांगली होती, तुमच्या मिस्त्रीने बिघडवली." त्यावर तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

न खोलता करता येतील अशा चाचण्या आहेत, त्या आधी करून घ्या. प्रत्येकीचा लेखी रिपोर्ट, त्यावर तारीख, मीटरचं वाचन, चॅसिस नंबर आणि गॅरेजचा शिक्का.

ब्लॉक टेस्ट: रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, तिच्यात निळं द्रव असतं. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. व्हिडिओ काढा. ही महत्त्वाची, कारण झाकणाखालची पांढरट साय एकटी पुरावा नाही. थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती धरते.

कॉम्प्रेशन टेस्ट: प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजतात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत आकडा पडलेला असेल तर गॅस्केट त्या दोघांच्या मधून गेलंय असं समजायचं. यात स्टार्टर मारावा लागतो, पण काही सेकंदच. इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंट भरून, जाणत्या माणसाकडूनच करा.

कूलंटचा नमुना: स्वच्छ काचेच्या बाटलीत, तुमच्यासमोर भरून, कागदाची पट्टी चिकटवून त्यावर दोघांच्या सह्या. तळाशी तपकिरी चुरा किंवा चमकीसारखे कण बसले तर गळती बुजवायचं औषध कोणीतरी टाकलंय. ते औषध हेड गॅस्केटवर काही आठवडे चालतं, मग सोडून देतं.

आणि स्कॅनर. 2017ची गाडी म्हणजे ओबीडी-2 (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची सोय) आहेच. बहुतेक जण नुसते फॉल्ट कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) वाचतात आणि बंद करतात. तुम्ही मेकॅनिकला सांगा, "कोड पुसल्यापासून गाडी किती किमी चालली" हा आकडा काढून द्या. बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तो असतो. कोणी विकण्याआधी दिवे घालवायला कोड पुसले असतील, तर पुसल्याची खूण तिथे राहते.

गाडी सुरू करून फिरवू नका. टो करूनच हलवा. गरम इंजिन तसंच चालवलं तर हेड वाकतं, आणि मग खर्चातला कोणता वाटा जुन्या दोषाचा आणि कोणता तुमच्या चालवण्याचा, हा वाद उभा राहतो.

सुकाणू | मंगळवार, सकाळी 7:35

इंजिनघर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. फोन केला. खोललेलं नाही. आज सगळ्या चाचण्या करून घेते.

कलमदान | मंगळवार, सकाळी 9:02

मी वकील आहे. पायवाट यांच्या मताशी मी अजिबात सहमत नाही, आणि हे ठामपणे सांगतो, कारण "सही केलीत ना" या एका वाक्यावर हजारो लोक घरी बसतात.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 (जुलै 2020 पासून लागू) जुन्या वस्तूंना वगळत नाही. मोबदला देऊन, स्वतःच्या वापरासाठी, धंदा करणाऱ्याकडून घेतलेली गाडी ही वस्तू आहे आणि तुम्ही ग्राहक आहात. पुन्हा विकायला किंवा व्यापारासाठी घेतली असती तर वेगळं. (टॅक्सी चालवून स्वतःचं पोट भरणारा माणूसही ग्राहकच, कायद्यात तसा खुलासा आहे.)

आता "दोष" म्हणजे काय ते पाहा. कलम 2(10) प्रमाणे कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याने जो दर्जा राखायला हवा, त्यात राहिलेली उणीव म्हणजे दोष. जुन्या गाडीच्या बाबतीत सगळा खेळ या शेवटच्या तुकड्याचा आहे. सात-आठ वर्षांच्या गाडीकडून नव्या गाडीचा दर्जा कोणीच मागू शकत नाही. क्लच प्लेट झिजली, सस्पेन्शनचा आवाज आला, बॅटरी बसली, ही झीज आहे आणि त्यावर तक्रार टिकणार नाही. पण "इंजिन एकदम ओके, एक रुपया खर्च नाही" असं विक्रेता लिहून देतो तेव्हा दर्जाची पट्टी त्याने स्वतः आखलेली असते. तुमची गाडी त्या पट्टीवर मोजली जाईल. तो व्हॉट्सॲप संदेश तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मौल्यवान कागद आहे. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका, संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत द्यावं. अशा तक्रारी ऐकणारा ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांना कोर्टाइतका बांधलेला नसतो, तरी समोरच्याला हरकत घ्यायला जागा कशाला ठेवायची.

"आहे तशी" या कलमाबद्दल. ते अगदीच निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. वस्तुविक्री कायदा 1930चं कलम 62 अध्याहृत (न लिहिताही कायद्याने धरलेल्या) अटी कराराने काढून टाकू देतं. तपासल्यावर दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दलही कलम 16 खरेदीदाराला मदत करत नाही. म्हणजे बंपरवरचा पोचा, फाटलेलं सीट, घासलेले टायर यांवर ती सही तुमच्याविरुद्ध जाईल. पण इंजिनाच्या पोटातला दोष फेरफटका मारून दिसत नाही. आणि स्पष्ट शब्दांत दिलेली ग्वाही एका हाताने द्यायची व छापील ओळीने दुसऱ्या हाताने काढून घ्यायची, हे आयोगापुढे टिकवणं विक्रेत्याला जड जातं. फसवून लपवलेल्या गोष्टीला तर कोणत्याही पावतीचं संरक्षण नाही.

आणखी एक, कारण याची भीती अनेकांना असते. दोषाच्या तक्रारीत डीलरला तो माहीत होता हे सिद्ध करावं लागत नाही. "मलाही मालकाने सांगितलं नव्हतं" हा त्याचा आणि आधीच्या मालकाचा प्रश्न. हेतू सिद्ध करावा लागतो तो फसवणुकीच्या गुन्ह्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये. म्हणून रागाच्या भरात आधी पोलिसांकडे धावू नका.

पायवाट | सकाळी 9:40

मला हे माहीत नव्हतं. मेहुण्यांकडेही असे मेसेज होते. वाईट वाटतंय.

कलमदान | सकाळी 9:48

कधीची गोष्ट आहे? तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जाता येतं (कलम 69). उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग विलंब माफही करू शकतो. पण खोललेल्या इंजिनाचे पुरावे आहेत का, ते आधी पाहा.

निळाई | दुपारी 1:15

माझा प्रश्न थोडा वेगळा. मी डीलरकडून नाही, जाहिरात पाहून थेट मालकाकडून घेतली होती. सज्जन वाटले. दोन महिन्यांनी कळलं की गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली होती. सीट काढल्यावर कार्पेटखाली गाळ निघाला. मी ग्राहक आयोगात जाऊ शकते का?

कलमदान | दुपारी 2:30

तुमचा रस्ता अवघड आहे, हे आधीच सांगतो. स्वतःची एक गाडी विकणारा खासगी माणूस कायद्याच्या अर्थाने व्यापारी नसतो, त्यामुळे ग्राहक आयोग सहसा हे प्रकरण घेत नाही. राहतो दिवाणी दावा. करार कायदा 1872च्या कलम 17 प्रमाणे माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणं ही फसवणूक, आणि कलम 19 प्रमाणे असा करार तुम्ही रद्द करू शकता किंवा नुकसानभरपाई मागू शकता. नुसतं गप्प राहणं मात्र सहसा फसवणूक ठरत नाही, आणि साध्या काळजीने तुम्हाला कळू शकलं असतं का, हा प्रश्नही विचारला जातो. म्हणून त्यांनी काही लिहून दिलं होतं का ते शोधा: जाहिरातीचा मजकूर, मेसेज, काहीही. आणि पुराचा विमा दावा झाला होता का ते विमा कंपनीकडे व अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे विचारा. बुडीत गाडीचा दावा मालकाने स्वतः केला असेल तर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय त्यांना उरत नाही. दाव्याची मुदत तीन वर्षं. फसवणूक असेल तर ती उघड झाल्यापासून मोजतात.

गाडी मालकाच्या नावावर असली तरी व्यवहार, पैसे आणि बोलणी एखाद्या दलालाने केली असतील, तर गोष्ट बदलते. त्याने मोबदला घेऊन सेवा दिली. सेवेतील त्रुटी म्हणून त्याच्याविरुद्ध आयोगात जाता येतं.

सुकाणू | मंगळवार, रात्री 9:20

चाचण्या झाल्या. ब्लॉक टेस्टमध्ये द्रव दोन मिनिटांत पिवळं झालं, व्हिडिओ आहे. कॉम्प्रेशन दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला पडलंय. कूलंटच्या बाटलीत तासाभराने तपकिरी चुरा खाली बसला.

आणि स्कॅनर. इंजिनघर, तुम्ही सांगितलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं. कोड पुसल्यापासूनचं अंतर 655 किमी. मी ताबा घेतला त्या दिवशी चावी हातात घेताना मीटरचा फोटो काढला होता, तेव्हापासून गाडी बरोबर 640 किमी चालली आहे. म्हणजे मला देण्याआधी फक्त 15 किमीवर कोणीतरी कोड पुसले.

हे वाचून हात थरथरले. आई त्या गाडीत बसत होती.

इंजिनघर | रात्री 9:41

हा आकडा सोन्याचा आहे. पण एक खरं सांगतो, नंतर कोणी तोंडावर फेकण्याआधी. काही गाड्यांत बॅटरी काढली तरी हा आकडा शून्यावर येतो. डीलर म्हणेल, "आम्ही नवी बॅटरी टाकली." टाकली असेल तर बॅटरीवर महिन्या-वर्षाचा शिक्का असतो, बिल असतं. तुमच्या बॅटरीचा फोटो काढून ठेवा. जुनीच असेल तर तो बहाणा पडला. स्कॅनचा रिपोर्ट छापून घ्या, त्यावर चॅसिस नंबर आपोआप येतो.

मोरपीस | रात्री 11:05

सुकाणू, धीर सोडू नका. तीन वर्षांपूर्वी मी यातून गेलेय, वकील न लावता. माझ्या गाडीचं मीटर मागे फिरवलं होतं. विकताना 62,000 दाखवत होतं आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत वर्षभर आधीच 91,000 होतं.

काय काय लागतं ते सांगते, कारण मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते आदेश देऊ शकत नाहीत, मध्यस्थी करतात. माझ्या बाबतीत डीलरने तिथे उत्तरच दिलं नाही. पण तक्रार क्रमांक पुढे कामाला आला.

मग स्पीड पोस्टने नोटीस, 15 दिवसांची मुदत देऊन. नोटीस मी स्वतःच लिहिली. कधी घेतली, कितीला, काय सांगितलं होतं, काय निघालं, मला काय हवं. एवढंच. शिव्याशाप, "तुम्हाला सोडणार नाही" वगैरे काही नाही. पोचपावती जपून ठेवली.

मग जिल्हा ग्राहक आयोग. आता सगळं ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होतं. जिथे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात दाखल करता येते, डीलरच्या गावी खेटे घालायला नकोत. माझा डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला होता, त्याला माझ्याकडे यावं लागलं. हे कळलं तेव्हा मला रडू आलं होतं, खरंच.

तक्रारीत तारखांच्या क्रमाने हकीकत लिहा, प्रत्येक वाक्याला पुरावा जोडा, कागदांना पान नंबर द्या, प्रतिज्ञापत्र करा. पहिल्या तारखेला मी इतकी घाबरले होते की कागद खाली पडले. समोर वकील होते. आयोगाच्या सदस्यांनी मला शांतपणे बोलू दिलं. आवाज स्थिर व्हायला दोन तारखा लागल्या, इतकंच.

आमचं प्रकरण आयोगाने मध्यस्थीकडे पाठवलं आणि तिथे मिटलं. त्यांनी गाडी परत घेतली, मी चालवलेल्या काळाचे काही पैसे वळते केले. सगळे मिळाले नाहीत. पण मला न्याय मिळाला असं मी मानते.

कलमदान | बुधवार, सकाळी 8:50

मोरपीस यांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. थोडी भर.

कोणत्या आयोगात जायचं ते तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, किती पैसे मोजले यावर ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. फी पाहून लोक दचकतात, पण मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. त्यापुढे 10 लाखांपर्यंत 200 रुपये आणि 20 लाखांपर्यंत 400. सुकाणू, तुमचे 4,85,000 आहेत, तुम्हाला काहीच भरायचं नाही.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याने 30 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आयोग फार तर 15 दिवस वाढवू शकतो. याहून एक दिवसही नाही. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीबद्दल हे ठामपणे सांगितलं आहे. तारीख लिहून ठेवा आणि 46व्या दिवशी उत्तर आलं तर हरकत घ्या.

प्रयोगशाळेतली तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेवढी मनाची तयारी ठेवा. दोष सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते. आयोग स्वतःही तपासणीला पाठवू शकतो, त्याची फी मात्र आधी तुम्हाला भरावी लागते. म्हणून आत्ताचा गॅरेजचा रिपोर्ट नीट, सहीशिक्क्यासह हवा, आणि मेकॅनिकने प्रतिज्ञापत्र करायला तयार असायला हवं.

मागणी एकच धरून बसू नका. दुरुस्तीचा पूर्ण खर्च, किंवा गाडी परत घेऊन पैसे परत, अशा पर्यायी मागण्या लिहा. टोइंगची बिलं, आईच्या दवाखान्यासाठी केलेल्या रिक्षा-टॅक्सीची बिलं जोडा.

पावतीतलं ते जबाबदारी झटकणारं कलम "अनुचित करार" म्हणून रद्द मागायचं असेल, तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे. तुम्हाला त्याची गरज नाही. तुमचं प्रकरण दोष आणि खोटी ग्वाही या दोन पायांवर नीट उभं आहे. तिसरा पाय लावायला जाऊन चुकीच्या दारात उभं राहू नका.

दूरदेशी | बुधवार, दुपारी 3:12

मी ब्रिटनमध्ये असते. इथे 2015च्या ग्राहक हक्क कायद्यात डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीलाही 30 दिवसांत नाकारायचा हक्क आहे. पुढेही सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो देतानाच होता असं धरतात, नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. आपल्याकडे असं नाही का?

कलमदान | दुपारी 4:05

नाही, आणि मला वाटतं आपल्या कायद्यातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. पावतीत तसं लिहिलेलं नसेल तर परत करायचे ठरावीक दिवस नाहीत, आणि दोष आधीपासून होता असं कोणी गृहीतही धरत नाही. म्हणूनच इंजिनघर यांनी पहिल्या रात्री जे सांगितलं, ते माझ्या सगळ्या कलमांपेक्षा मोलाचं आहे. ओझं तुमच्यावर आहे, तर पुरावा गाडी खोलायच्या आधीच हातात हवा.

निळाई | दुपारी 4:40

गाडी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून घेतली असेल तर?

कलमदान | सायंकाळी 6:10

प्लॅटफॉर्म स्वतः बिल देतो, तपासणी अहवाल देतो, वॉरंटी देतो, तर तो विक्रेताच. त्याचा तपासणी अहवाल हाच त्याचा दावा. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे त्याने तक्रार अधिकारी नेमायला हवा, 48 तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात निवारण करायला हवं. नुसती जाहिरात छापणाऱ्या संकेतस्थळाकडून मात्र इतकी अपेक्षा धरता येत नाही.

डीलरबद्दल एक राहिलं. नोंदणी झालेल्या, म्हणजे जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला एप्रिल 2023 पासून परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर द्यायची असते. तशी सूचना गेली की तो डीलर त्या गाडीचा मालक मानला जातो. तुमच्या डीलरकडे अधिकारपत्र आहे का, ते नोटिशीतच विचारा. "आम्ही नुसते मध्यस्थ" म्हणायची वाट तिथेच अडते. पैसे त्याच्या फर्मच्या खात्यात गेलेत, ते तर आहेच.

आणि आरसी! भांडण चालू आहे म्हणून ट्रान्सफर लटकू देऊ नका. खरेदीदाराने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. आरसी जुन्या नावावर आणि विमाही जुन्या नावावर असताना अपघात झाला, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. तृतीय पक्षाचं (अपघातात इतरांच्या नुकसानीचं) संरक्षण गाडीबरोबर येतं, स्वतःच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. तिकडे जुन्या मालकाच्याही मानेवर तलवार असते. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं आहे. गाडी विकलेल्या लोकांनीही आपली आरसी खरंच पुढे गेली का, ते आजच तपासावं.

सुकाणू | अकरा दिवसांनी, रविवार, रात्री 8:15

मंडळी, कुठवर आलं ते सांगते.

एजंटकडे स्वतः जाऊन बसले, ट्रान्सफरचा अर्ज भरून घेतला, पोच हातात आहे. विमा नावावर करायलाही दिला.

नोटीस पाठवली. कलमदान यांच्या सांगण्यावरून तिच्यात लिहिलं होतं की अमुक दिवशी अकरा वाजता हेड खोलणार आहोत, तुमचा माणूस पाठवा, नाही आला तर व्हिडिओ काढून खोलू. त्यांचा मेकॅनिक आला. मला वाटलं होतं येणार नाही.

गॅस्केट दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधूनच जळालेलं. पाण्याच्या वाटांमध्ये तोच तपकिरी चिकट चुरा ठासून भरलेला. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजलं, 0.18 मिमी वाक. गॅरेजवाले म्हणाले, बहुतेक इंजिनांत 0.05च्या आसपासच चालतं. बॅटरी साडेतीन वर्षं जुनी, शिक्का स्पष्ट आहे, फोटो काढला. त्यांच्या मेकॅनिकने सगळं पाहिलं, पंचनाम्यासारख्या कागदावर सही केली आणि जाताना मला हळूच म्हणाला, "ताई, हे 19 दिवसांचं नाही." त्याचं नाव मी कुठेच घेणार नाही, त्याची नोकरी आहे.

दुसऱ्या दिवशी डीलरचा फोन आला. अर्धा खर्च देतो, "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं लिहून द्या. दुरुस्तीचं बिल 57,400 आहे. मी दोन रात्री विचार केला. अर्धे पैसे आज मिळतात हा मोह खोटा नव्हता. पण त्यांनी कोड पुसले तेव्हा त्या गाडीत कोण बसणार आहे हे त्यांना मी सांगितलं होतं. मी नाही म्हणाले.

काल तक्रार दाखल केली. 64 पानं झाली. फी शून्य.

मोरपीस | रात्री 8:32

तुमच्या पहिल्या तारखेला सुट्टी काढून यायची माझी तयारी आहे. आपला जिल्हा एकच असेल तर कळवा, बाहेर बाकावर बसेन.

कलमदान | रात्री 8:50

योग्य केलंत. तक्रार ठरावीक दिवसांत दाखल करून घेतली जाते, साधारण 21 दिवस. मध्यस्थीचं विचारतील तेव्हा लगेच नाही म्हणू नका. 64 पानं घेऊन बसलेल्या तक्रारदाराशी समोरचा वेगळ्या आवाजात बोलतो. आणि तेव्हा सही कराल ती पैसे खात्यात आल्यावरच करा.

इंजिनघर | रात्री 9:14

ताई, जुनं गॅस्केट, काढलेले बोल्ट आणि ती कूलंटची बाटली कुठे आहे? गॅरेजमध्ये ठेवू नका, भंगारात जातं. गॅस्केट धुऊ नका, पुसूही नका. दोन सपाट पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून बांधा, दुमडू देऊ नका.

सुकाणू | रात्री 9:20

घरी आणलंय. दोन पुठ्ठ्यांत बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर, त्यावर तारीख आणि तिघांच्या सह्या. बाटली त्याच्या शेजारी उभी आहे.